ओढ्यावरचा तोफगोळा

मंडळी, सावधान उभे राहा! मुरबाडजवळच्या ओढ्यावर मी तोफगोळा उडताना पाहिला आहे.

पूल पाण्याखाली होता. पलीकडे एक आजी दम्याने धापा टाकत होती आणि बाजारातून आणलेला तिचा औषधाचा पंप अलीकडे अडकलेल्या आमच्याकडे. बांबूच्या नळकांड्यात घालून तो फेकायचं ठरलं. पण आधी रिकामं फेकून पाहिलेलं नळकांडं कोलांट्या खात पाण्यात गेलं.

तेव्हा एसटीतून उतरलेला एक मिशाळ अनोळखी माणूस पुढे आला. तोफखान्यातून निवृत्त झालेला.

"तोफेच्या नळीला आतून पिळाच्या खाचा असतात. गोळा गरगरत सुटतो, म्हणून तोंड पुढं ठेवून जातो. आमी हातानं पीळ देऊ."

एक डोळा मिटून, बोटांनी पीळ देत त्याने पंपाचं नळकांडं सोडलं. ते सरळ आजीच्या पायाशी! मी मनात सलामी ठोकली.

पंप ओढून, दम खाऊन आजी ओरडली, "एवढं गरगर फिरवलंस रे, औषधाला चक्कर नाय ना आली?"