पाठीशी असलेल्या मॅडम

नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी, खोलीतला कूलर बंद करणारं एकच माणूस मी पाहिलं. आमच्या मॅडम. रामदासपेठेतल्या एका ट्रस्टच्या समुपदेशन केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. आम्ही नव्या समुपदेशक मुली आठवड्यातून एकदा त्यांच्यासमोर बसून आपापल्या केसेस सांगायचो. त्याला सुपरविजन म्हणतात. आम्ही घामाने भिजायचो. त्या म्हणायच्या, "कूलरच्या आवाजात तुझा आवाज कुठं कापतो ते मले समजत नाही." असं ऐकणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं, नंतरही नाही. हे मी रागात असतानाही कबूल करते. आणि राग अजून गेलेला नाही.

मॅडम उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. मी खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतली. ट्रस्टी, डॉक्टर, पाहुणे यांच्याशी त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या. आमच्याशी मात्र घरचं, बायकाही 'मी येतो' म्हणतात ते. पहिल्याच महिन्यात एक बाई माझ्यावर चिडून अर्ध्यातून उठून गेली. मी रडकुंडीला आले होते. मॅडमनी आधी डबा उघडला, पोळी-भाजी माझ्यापुढे सरकवली. "ती काय म्हणाली ते मंग सांग. तुले काय झालं ते आधी सांग." घरीसुद्धा मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

अटॅचमेंट, म्हणजे मुलाचा आईशी जुळणारा बंध, हा त्यांचा जिवाचा विषय. फळ्यावर न लिहिता शिकवायच्या. "लेकरू अंगणात खेळायले काहून जाते? आई दारात उभी हाये हे त्याले माहीत असते म्हणून. पेशंटसाठी तू दारात उभी राहा. तुझ्या दारात मी हावो." आम्ही हे खरं मानलं. मी तर सगळ्यात जास्त.

मग ती मुलगी आली. एकोणीस वर्षांची, लहानपणी आई गेलेली, मावशी-आत्यांच्या घरांतून फिरत वाढलेली. पहिले काही आठवडे ती खुर्चीच्या कडेवर बसायची, कधीही उठून जाता येईल अशी. हळूहळू टेकून बसायला लागली. वडिलांनी तिचं लग्न ठरवत आणलं होतं आणि तिला ते नको होतं. प्रत्येक आठवड्याला मी मॅडमना सगळं सांगत होते. त्या म्हणाल्या, "तिच्या तोंडून 'नाही' निघू दे. लई वर्षांनी निघून राहिलं ते. अडवू नको." मी अडवलं नाही. तिने घरी 'नाही' म्हटलं.

वडील एका ट्रस्टींच्या ओळखीचे निघाले. मुलीला भडकवलं अशी तक्रार आली आणि बैठक बसली. मी निर्धास्त होते, कारण मॅडम शेजारच्याच खुर्चीत होत्या. ट्रस्टींनी विचारलं, "हे तुमच्या सल्ल्याने झालं का?" मॅडम शांतपणे, शुद्ध मराठीत म्हणाल्या, "नाही. यांनी मला याची कल्पना दिलेली नव्हती."

'यांनी'. मला त्या खोट्यापेक्षा तो शब्द आधी लागला.

मला काढून टाकलं. जिन्यात मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सेंटर टिकलं पाहिजे वं. तू जवान हायेस, तुले कुठंही काम भेटते." मी फक्त त्या मुलीचं विचारलं. केंद्राच्या पेशंटशी मी संपर्क ठेवायचा नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तिले मी पाहतो. काय झालं ते नीट समजावून सांगतो. तू फिकर नको करू."

एखादी आई मुलाला दुखावते, आणि मूल रडत तिलाच जाऊन बिलगतं, कारण दुसरीकडे जायला जागा नसते. हे मॅडमनीच शिकवलं होतं. पुढची कितीतरी वर्षं दिवाळीला मी त्यांना फोन करत राहिले. त्या गोड बोलायच्या. एका समारंभात सगळ्यांसमोर माझा दंड धरून म्हणाल्या, "ही माझ्या हाताखाली तयार झाली." मी हसले. नवं काम, स्वतःच्या दोन खोल्या, सगळं जमलं होतं. तरी त्या एका वाक्याने मला बरं वाटलं, याची मला आजही चीड येते.

ती मुलगी मला परवा-परवा, म्हणजे मॅडम आजारी होत्या त्या दिवसांत, एका दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात भेटली. आता बाई झालेली, कडेवर मूल. वडिलांनी ठरवलं होतं तिथेच लग्न झालं होतं. तिने ओळखलं, पण बोलली तुटक. मीच विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुमाले मोठी नोकरी लागली अन् तुम्ही निघून गेल्या, असं मॅडम म्हणाल्या. जाताना मले एकदा सांगाचं तरी होतं." पुढे म्हणाली, "मंग मी तिकडे गेलीच नाही." तिचा नंबर पुकारला गेला. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडेपर्यंत ती आत गेली होती.

त्याच संध्याकाळी मी मॅडमच्या घरी गेले. त्या पलंगावर, अगदी वाळलेल्या, पण नजर तीच. मी विचारलं, "तिला तुम्ही काय सांगितलं होतं?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही.

"दर वेळी तुलेच विचारे ती," त्या म्हणाल्या. "मी समोर बसून राहिली, अन् ती दाराकडे पाहे. येवढ्या वर्षांत मले असं कोणी केलं नव्हतं वं."

ज्या बाईला प्रत्येकाचा आवाज कुठे कापतो ते कळायचं, तिला स्वतःचा कापलेला आवाज ऐकू आला की नाही, कोण जाणे. मी त्यांना दोन चमचे पाणी पाजलं, चादर नीट केली आणि उठले.

"उद्या येशील?" त्यांनी विचारलं.

"येते," मी म्हणाले.

गेले नाही.