चार बोटं खाली

डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघराची मांडणी मी केलेली, आणि तिचा मला भयंकर अभिमान होता. कुकरच्या पोटात पोह्यांचा डबा, त्या डब्यात वेलचीची बाटली. एका वस्तूच्या जागेत तीन वस्तू. आई रोज सकाळी कुकर लावताना काहीतरी पुटपुटायची. ते मी कौतुक समजायचो.

ठाण्याला लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या छोट्या कंपनीत लागलो, तो हाच गुण घेऊन. चिप साधी, मेमरी चिमूटभर. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. दार उघडं की बंद एवढ्यासाठी अख्खा बाइट द्यायचा म्हणजे मला शुद्ध उधळपट्टी वाटायची. मी दाराला एक बिट दिला, दिशेला एक, मजल्याला चार, आणि उरलेल्या दोनात लिफ्टच्या उंचीच्या आकड्याचं शेपूट कोंबलं. त्याचं धड पुढच्या बाइटमध्ये. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

चाचणीत लिफ्ट खाली येताना प्रत्येक मजल्याच्या चार बोटं खाली जाऊन थांबली. आमच्या साहेब, कोपरीला राहणाऱ्या मॅडम, बाहेर पडताना ठेचकाळल्या.

"जागा छान वाचवलीस रे," सुटलेली चप्पल पायात सरकवत त्या म्हणाल्या. "पण तू आकडा उपसून, जोडून वाचेपर्यंत लिफ्ट थांबते का तुझ्यासाठी? शुक्रवारपर्यंत नीट कर. नाहीतर कायम केल्याचं पत्र विसर."

रागारागात मी सगळंच ऐसपैस केलं. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र बाइट, अगदी जुन्या बिघाडांच्या लांबलचक नोंदींनाही. आता मेमरीच पुरेना.

गुरुवारी सकाळी तोंड पाडून चहा पीत बसलो होतो. आईने कुकर काढला, त्यातून डबा काढला, डब्यातून बाटली काढली. तिने विचारलं म्हणून मी रडगाणं सांगितलं.

"अरे, रोज लागतं ते हाताशी ठेवावं," ती म्हणाली. "चकलीचा सोऱ्या तू माळ्यावरच्या कढईत कोंबलायस, त्याबद्दल मी बोलले कधी? तो दिवाळीलाच निघतो."

ऑफिसात जाऊन तेवढंच केलं. दार, दिशा, मजला, उंची, जे लिफ्ट क्षणोक्षणी वाचते, ते मोकळं ठेवलं. बिघाडांच्या नोंदी मेकॅनिक आला तरच उघडायच्या, त्या पुन्हा बिटाबिटांत ठासल्या. शुक्रवारी लिफ्ट फरशीला फरशी लावून थांबली. मॅडम खाली बघत बघत बाहेर आल्या.

"कुठे वाचलंस हे?"

"एका पुस्तकात," मी म्हणालो. पत्र हातात पडलं तरी खरं सांगायचं मला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी आईला म्हणालो, लिफ्ट बरोबर थांबली, मी कायम झालो. "बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि कुकरमधून पोह्यांचा डबा काढू लागली. मला लाज वाटली. लिफ्टचं दुखणं मी दोन दिवसांत काढलं होतं, आणि ही बाई सहा वर्षं पुटपुटत होती.