काकूंची देणगी आणि माझं ‘हो’

काकू आमच्या ऑफिसात कधी बसल्या नाहीत. कोटाची सगळी बटणं लावलेली, पिशवी खांद्याला, नजर खिडकीबाहेरच्या बसस्टॉपवर. “बसते कशाला? लगेच निघायचंय,” असं म्हणत तासभर उभ्या राहायच्या. मी टाइप करत असले की माझ्या टेबलावरच्या फायली सरळ करायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच.

बर्मिंगहॅममध्ये मोटारींचे सुटे भाग तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर त्या घरी ब्लाउज शिवायच्या, म्हणून दर जानेवारीत टॅक्स रिटर्न भरायला माझ्याकडे यायच्या. “एकदा बघ गं पुन्हा,” हे त्यांचं पालुपद. बघितलं की, “अजून एकदा.”

काका शेवटचे काही आठवडे हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषाकेंद्रात होते. काकू रोज दोन बस बदलून जायच्या. एका दुपारी दुसरी बस चुकली आणि त्या पोचायच्या आत काका गेले. हे त्या मला एकदाच बोलल्या, तेही फायली सरळ करता करता.

पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या पेन्शनच्या साठलेल्या रकमेतून पैसे काढले. त्यातला चौथा हिस्सा करमुक्त मिळतो. तो सगळाच त्यांनी हॉस्पिसला दिला, रुग्णांच्या माणसांना घरून आणायला गाडी ठेवा म्हणून. फॉर्म भरताना तिथूनच मला फोन केला.

“अगं, इथे गिफ्ट एडची चौकट आहे. टिक करू का?”

“हो, करा की काकू. सरकारकडून त्यांना वर आणखी मिळतं.” दुसऱ्या फोनवर कुणीतरी माझी वाट बघत होतं.

एक प्रश्न विचारायला हवा होता : या वर्षी तुमचा तेवढा टॅक्स भरला जाणार आहे का? सरकार संस्थेला जे वर देतं, ते देणगीदारानं भरलेल्या टॅक्समधूनच. तो कमी पडला, तर फरक देणगीदाराला भरावा लागतो. मी विचारलं नाही.

जानेवारीत रिटर्नमध्ये देणगी लिहिली आणि स्क्रीनवर काकूंच्या नावे टॅक्स उभा राहिला. त्यांचा हात फायलीवरच थांबला.

“म्हणजे मी सरकारला फसवलं?”

“नाही हो काकू. चूक माझी आहे. हॉस्पिसला कळवून काही करता येतं का, बघू.”

“त्यांच्याकडे काही परत मागायचं नाही. त्यांची गाडी सुरू झालीय.”

“मग निम्मे मी भरते.”

“तू नुसतं फोनवर बोललीस. सही माझी आहे.”

त्या दिवशी त्यांनी पुन्हा बघायला सांगितलं नाही.

नागपूरला त्यांची धाकटी बहीण आजारी होती. मार्चमध्ये जायचं ठरलं होतं, पण तिकिटाचे पैसे टॅक्समध्ये गेले आणि ते राहिलं. उन्हाळ्यात बहीण गेली. मी ब्लाउज आणायला गेले तेव्हा कळलं. काकू कात्री शोधत या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या. कात्री त्यांच्याच गळ्यात, दोरीला लटकत होती.

“फोनवर रोज बोलायचो ना आम्ही,” एवढंच म्हणाल्या आणि मला घालून बघायला ब्लाउज दिला.

यंदा जानेवारीत त्या आल्या नाहीत. त्यांचा मुलगा आला, लंडनजवळच्या क्रॉयडनहून. इथेच जन्मलेला. “आई ऑक्टोबरमध्ये गेला,” म्हणाला आणि स्वतःच दुरुस्त केलं, “गेली.” शेवटचे महिने काकू त्याच्याकडे होत्या. आता त्यांचं शेवटचं रिटर्न भरायचं होतं.

मी आधी त्याला सगळं सांगितलं. तो फोन, माझं ‘हो’, राहिलेलं तिकीट. तो कीबोर्डकडे बघत ऐकत राहिला.

“मी तिला खूप बोललो तेव्हा,” तो म्हणाला. “मावशी वाट बघते, यू हॅव टु गो. तिकीट मी काढतो म्हणालो. तर ती म्हणाली, मला आता विमानाचा भीती वाटतो.” मग म्हणाला, “तुमचा नाव कधी नाही घेतला तिने.”

मी फॉर्म उघडला. नावाच्या रकान्यात काकूंचं नाव आधीपासूनच भरलेलं होतं. कर्सर त्याच्या शेजारी लुकलुकत राहिला, आणि पुढच्या रकान्याकडे जाण्याआधी मी ते एकदा पुन्हा बघितलं, मग अजून एकदा.