दहा बोटं आणि एक करवत

त्या दिवसांत मला झोप लागायची नाही. डोळे मिटले की बोटं दिसायची. यांची दहा, मामाजींची दहा, सुलूची इवली इवली दहा, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध गरगर फिरणारं एक दातेरी पातं!

झालं असं की राजधानी नागपुरातून हलली आणि आमच्या घरी करवत आली. हे लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत नोकरीला होते. सरकारी हापिसांच्या ऑर्डरी आटल्या तशी वखार सुस्तावली. पण खेडोपाडी नव्या शाळा निघत होत्या आणि पोरं जमिनीवर बसत होती. "त्यांना बाक लागणार ना!" असं म्हणून यांनी नोकरी सोडली आणि कलकत्त्याच्या दुकानदाराकडून विलायती मशीन मागवलं. खाली लोखंडी कपाट, त्यात मोटार. वर लोखंडी टेबल, टेबलाला फट. आणि चाक फिरवलं की त्या फटीतून गोल करवत हळूच डोकं वर काढते, बिळातून नागानं काढावं तसं.

माझा चेहरा बघून हे म्हणाले, "हे बघ, मशीन जोडू, एक फळी कापू. मग तू सांग. तू नको म्हणालीस तर वखारवाले शेठ मशीन घ्यायला तयार आहेत. मी पुन्हा त्यांच्या गादीवर जाऊन बसतो."

म्हणजे निर्णय माझा! झोप न लागायला आणखी एक कारण.

आता त्या मशीनच्या गोष्टी घरात लाकडाच्या भुशासारख्या झाल्यात. कितीही झाडून काढा, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात तेवढाच ढीग! त्यातल्याच या काही मूठभर.

* * *

मालधक्क्यावरून मशीन बैलबंडीतून आलं. केवढी ती लाकडी पेटी! तिच्यावर मोठा काळा बाण आणि इंग्रजीत लिहिलेलं, 'ही बाजू वर'. बाण जमिनीकडे होता.

गल्ली लोटली. शेजारच्या गोदाकाकूंनी पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मला म्हणाल्या, "काहून वं, एवढी तिजोरी कायले आणली? ठेवाले काही हाये का तुमच्याजवळ?"

पेटी सरळ करून पहारीनं उघडली. मला वाटलं, हे आता मशीनला मिठीच मारतील. पण हे पेटीचीच फळी हातात घेऊन उभे! नखानं खरवडली, वास घेतला, डोळे मिटले. "काय लाकूड आहे! एक गाठ नाही!"

मी म्हटलं, "अहो, आत मशीनपण आहे."

पेटीच्या फळ्यांचा मी सुलूसाठी कठडा करून घेतला. मशीनचं काम चाललं की आमची चार वर्षांची पोर त्यात सुरक्षित राहील, असा माझा हिशेब. सुलू त्यात बसली, मला शहाण्यासारखी हसली, आणि मी पाठ फिरवायच्या आत माझ्या मागे उभी होती.

शेवटी त्या कठड्यात गोदाकाकूंची बकरी राहायला गेली. ती मात्र तक्रार न करता राहिली!

* * *

मशीनला गंज लागू नये म्हणून विलायतेतच त्याला पिवळं, घट्ट ग्रीस थापलेलं होतं. थर असा की मशीन आजारी असून कोणीतरी त्याला लेप दिलाय असं वाटावं. रॉकेल आणि चिंध्या घेऊन आम्ही दोघं पुसायला बसलो.

चिंध्यांवरून मामाजी रुसले. मामाजी म्हणजे माझे सासरे. उभा जन्म मागावर गेलेला. त्यांच्या लुगड्यांना इतवारीच्या बाजारात नाव होतं. मी फाटक्या लुगड्याचा तुकडा ग्रीसमध्ये बुडवलेला त्यांनी पाहिला आणि तो माझ्या हातातून काढून घेतला. "सूनबाई, हे माह्या हातचं सूत हाये. त्या लोखंडाचं तोंड पुसाले नाही इनलं मी!"

मग यांचं बनियन गेलं.

पुसून काढलेलं ग्रीस वाटीत जमलं होतं. गोदाकाकूंनी विचारलं, "विलायती हाये का वं?" मी हो म्हटलं. त्यांनी वाटी उचलली आणि पदराआड धरून घरी नेली. मला वाटलं, बंडीच्या चाकाला लावतील.

दुसऱ्या दिवशी काकू दारात हजर, वाटी रिकामी. "गुडघ्याले लावलं वं. लय फरक पडला! आणखी हाये का?"

* * *

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, यांनी स्क्रू पिळायचा.

पहिलं पान धोक्यांचं होतं. पात्याजवळ हात नेऊ नये. सैल बाही घालू नये. लांब केस मोकळे ठेवू नयेत. मुलांना दूर ठेवावं. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. जरा हळू, नीट समजावून, पुन्हा वाचलं.

हे स्क्रू हातात धरून थांबलेले. "अगं, पुढचं पान?"

"आधी हे समजलं का सांगा."

"समजलं."

"मग म्हणून दाखवा!"

त्याच दिवसापासून आमच्या घरी एक नवा नियम सुरू झाला. जेवायला पानावर बसायच्या आधी यांनी दोन्ही हात पुढे करायचे आणि मी बोटं मोजायची. अजून मशीनला पातंसुद्धा बसवलेलं नव्हतं, तरी! "सवय असलेली बरी," मी म्हणायची. हे निमूट हात पुढे करायचे. सुलू शेजारी बसून माझ्याबरोबर मोजायची. दहापर्यंतचे आकडे ती शाळेत नाही, आमच्या पानावर शिकली.

* * *

पातं सरळ रेषेत बसवणं आमच्या हातचं नव्हतं. म्हणून हे लकडगंजातून दौलत मिस्त्रींना घेऊन आले. मिस्त्री म्हणजे मोठा गप्पिष्ट माणूस. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की अख्ख्या लकडगंजात आऱ्याची, म्हणजे करवतीची, ओळख त्यांच्याएवढी कुणाला नाही. मी चहाचा कप पुढे केला, त्यांनी उजवा हात पुढे केला, आणि मी कप सोडायचंच विसरले.

त्या हाताला दोन बोटं अर्धीच होती!

मी यांना स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, सगळ्या नागपुरात तुम्हाला हेच मिस्त्री मिळाले?"

माझा आवाज हळू राहिला नसावा. बाहेरून मिस्त्री म्हणाले, "बाई, घाबरू नका. ज्याले एकदा लागलं तोच मशीनले भिऊन वागते. पुऱ्या बोटांचा मिस्त्री आला ना, तर त्याले दारातूनच वापस करत जा!"

मी लाजेनं बाहेर आले तर आणखी मोठा प्रसंग माझी वाट पाहत होता. सुलूनं त्यांचे हात आपल्या मांडीवर ओढून घेतले होते आणि मोठ्यानं मोजत होती. आठावर येऊन ती थांबली. पुन्हा मोजलं. पुन्हा आठ.

"मिस्त्रीआबा, तुमची दोन बोटं कुठं गेली?"

"आऱ्यानं ठेवून घेतली."

"मग वापस नाही देल्ली?"

मिस्त्रींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "अजून तर नाही देल्ली, बेटा. वाट पाहून राहिलो."

* * *

मशीन कुठं ठेवायचं, हा प्रश्नच नव्हता. मागाच्या खोलीत. मागचं वर्षभर माग बंदच होता. विणताना पाय सोडून बसायचा तो मागाचा खड्डा मामाजींनी स्वतः उभं राहून मुरुमानं बुजवून घेतला. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि आम्हीही आग्रह केला नाही.

पण जागा त्यांनीच नेमकी दाखवली. "खिडकीखाली. उजेड डाव्या हातानं आला पाहिजे. मी चाळीस वर्ष तिथंच बसलो."

मशीन बरोबर खड्ड्याच्या जागी बसवलं. टेबल पाण्यासारखं सपाट झालं, पातं उभं राहिलं. हे खूश! लांब फळी आणली, टेबलावर ठेवली, आणि पातं फटीत खाली उतरवून, चालू न करताच, नुसती पुढे ढकलून पाहिली.

फळी अर्ध्यावर येऊन भिंतीला टेकली.

आम्ही मशीन मोजलं होतं, खिडकी मोजली होती, उजेडसुद्धा मोजला होता. फळी कोणी मोजलीच नव्हती! कापड विणावं तसं गुंडाळत जातं. कितीही लांब असो, विणकर जागचा हलत नाही. चार पिढ्या कापडात गेलेल्या घराला फळी गुंडाळता येत नाही हे सुचणार कसं?

मामाजींनी भिंत पाहिली, खिडकी पाहिली. मग म्हणाले, "मशीन फिरव गा. तोंड खिडकीकडे कर. खिडकीतून जाऊ दे तिले बाहेर."

आणि तसंच झालं. मशीन फिरवलं, खिडकीचा एक गज काढला, आणि फळी ऐटीत गल्लीत निघाली. खिडकीबाहेर तिला टेकू म्हणून एक लाकडी घोडी उभी केली. संध्याकाळी बाहेर जाऊन पाहते तो काय, त्या फळीवर गोदाकाकूंचे दोन टॉवेल आणि एक चोळी वाळत होती!

* * *

चालू करण्याआधी पूजा. मामाजींनी दर दसऱ्याला मागाची केली तशीच केली. टेबलावर पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणी. विलायती लोखंडानं इतकं पाणी जन्मात पाहिलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामाजी एकटेच टेबल घासत होते. घासून राहिले, घासून राहिले. "सूनबाई, इतवारीचं कुंकू एवढं पक्कं कसं? निघतच नाही!"

मिस्त्रींनी येऊन बोट फिरवलं. "बुवा, हे कुंकू नोय. गंज हाये."

मामाजींचा चेहरा पडला. पण मिस्त्रींनी तेल लावून बारीक कागदानं डाग काढले आणि एक मुद्दाम राहू दिला, कोपऱ्यातला. म्हणाले, "एवढा असू द्या. पूजा झाल्याची निशाणी."

तो डाग अजून आहे.

* * *

आणि मग तो दिवस आला. वीजवाल्यांनी जोडणी करून दिली होती. मी जमिनीवर चुन्याची रेघ मारली आणि सुलूला रेघेपलीकडे मामाजींच्या मांडीवर बसवलं. आदल्या दिवशी तिनं बाबांना विचारलं होतं, "हे मशीन काय काय करते?" हे म्हणाले होते, "बाक, टेबल, पाळणा. लाकडाचं म्हणशील ते." तेव्हापासून ती कसलातरी विचार करत होती.

हे बाह्या दुमडून पुढे झाले. तेवढ्यात मिस्त्रींनी त्यांना अडवलं. "तुम्ही नाही. पहिला काप घरच्या लक्ष्मीच्या हातचा. आमच्या लकडगंजात असंच चालते."

मला वाटलं, मस्करी आहे. पण सगळे माझ्याकडे बघत होते. हेसुद्धा. मी नाही म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मशीन शेठकडे, हे गादीवर आणि बोटं जागच्या जागी.

मी पदर खोचला. केस बांधले. बांगड्या काढून सुलूच्या हातात दिल्या. धोक्यांचं पान मला तोंडपाठ होतं, ते मनात एकदा म्हटलं. मिस्त्रींनी हातात एक ढकलायची काठी दिली. "हात लांब राहील. फळीले घाई नका करू. ती आपल्या चालीनं जाते."

यांनी बटण दाबलं. घरातला दिवा क्षणभर मंद झाला, आणि मशीन गुणगुणायला लागलं. मामाजींनी मान कलती करून ऐकलं. "आवाज एकसारखा हाये," ते म्हणाले. "धागा तुटत नाही."

मी फळी पुढे केली. पात्यानं तिला धरलं आणि आवाज चढला. भुसा उडाला, ताज्या सागवानाचा वास आला. मला पात्याखेरीज काही दिसत नव्हतं. काठी पुढे सरकत होती, मी सरकत होते, फळी खिडकीतून गल्लीत चालली होती. मग हाताला एकदम हलकं लागलं. बाहेरून गोदाकाकू ओरडल्या, "आली वं, आली!"

यांनी मशीन बंद केलं. पातं हळूहळू थांबलं, पुरतं थांबलं. एका बाजूनं फळीपासून सुटलेली बोटाएवढ्या जाडीची एक पट्टी जमिनीवर पडली होती.

सुलू रेघ ओलांडून आली. तिनं माझे हात धरले, उलटे केले, सुलटे केले आणि एकेक बोट मोजलं. दहा. हे माझ्याकडे बघत होते. माझ्या उत्तरासाठी थांबले होते. मी तोंड उघडलंही.

पण सुलूनं खाली वाकून ती पट्टी उचलली. ती घेऊन मिस्त्रींकडे गेली, त्यांचा उजवा हात पकडला, आणि पट्टीचं टोक एका अर्ध्या बोटाला लावून नीट बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"आई, हे एक झालं. आता दुसरं कर. आबाले दोन लागतात."