कायद्याच्या आडून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही काही दिसत नाही. सकाळपासून दोनदा उठून चहा करून झाला.

मी डॉक्टर आहे. मूळची निपाणीची, आता बरीच वर्षं बेंगळुरूत, जे. पी. नगरला. भूल देण्याचं शिक्षण घेतलं आणि पुढे जुन्या, चिवट दुखण्यांच्या उपचाराकडे वळले. ऑपरेशनं होऊन गेलीत, तपासण्या होऊन गेल्यात, घरचेही कंटाळलेत, पण दुखायचं थांबत नाही — असे लोक माझ्याकडे येतात. त्यांच्या दुखण्यावर विश्वास ठेवणं हे माझं पहिलं काम. ते मी चांगलं करते असं लोक म्हणतात. मीही म्हणायचे.

यमुनाक्का माझ्याकडे आल्या त्या मी मराठी आहे हे ऐकून. इथल्याच, बेंगळुरूच्या शिवाजीनगरात त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं शिवणकामाचं दुकान. कितीतरी पिढ्यांपूर्वी इथे येऊन राहिलेलं शिंप्यांचं घराणं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि तोंडात दोन्हींची मिसळ. मणक्याची दोन ऑपरेशनं झालेली. त्यानंतर पाठीतून पायात उतरणारी कळ अशी मुक्कामाला आली की मशीनपुढे बसणं सोडाच, जेवायलाही बसवत नसे. पहिल्या दिवशी त्या टेबलाला टेकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "बसत नाही हां अक्का, राग नका मानू. स्वल्प उभीच राहते." माझ्याहून वयाने चांगली मोठी बाई मला अक्का म्हणत होती.

मी जे जे करता येईल ते केलं — म्हणजे तसं मी स्वतःला बजावत आले. गोळ्या बदलल्या, मणक्यात इंजेक्शनं दिली, व्यायाम शिकवले. कशाचाही गुण चार दिवसांपलीकडे टिकला नाही. प्रत्येक जुन्या दुखण्याला मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं औषध, हे उत्तर नसतं. बहुतेकांना ते देऊच नये. पण यमुनाक्कांना द्यायला हवं होतं, जपून, लक्ष ठेवून. आणि हे मला पहिल्या काही महिन्यांतच कळलं होतं. उगाच कळलं नव्हतं असं म्हणायला नको.

मग का नाही दिलं?

पूर्वी मी दुसऱ्या एका शहरात नोकरीला होते. तिथल्या माझ्या वरिष्ठांना एकदा मॉर्फिनच्या एका फुटलेल्या कुपीवरून अधिकाऱ्यांनी दुपारभर प्रश्न विचारले होते. झालं काहीच नाही. चहा पिऊन अधिकारी गेलेही. पण नंतर सरांनी सही करायला पेन घेतलं आणि सही न करताच खाली ठेवलं, ते मी पाहिलं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीने माणूस किती वर्षं घाबरू शकतो — तुम्हाला काय वाटतं? मी घाबरले. कर्करोगाच्या रुग्णाला लिहून द्यायला मला भीती वाटत नसे, कारण तिथे कुणी प्रश्न विचारत नाही. पण पाठदुखीच्या बाईला मॉर्फिन? उद्या कुणी विचारलं तर?

आणि कायद्याचं म्हणाल, तर अमली पदार्थांचा कायदा मला पाठ होता. पूर्वीची जाचक बंधनं दुरुस्तीनंतर सैल झाली होती. आमच्या रुग्णालयाला हे औषध ठेवण्याची मान्यता होती, मी रीतसर प्रशिक्षण घेतलेलं होतं. दुखणाऱ्या माणसाला तपासून, नोंद ठेवून, उपचार म्हणून औषध लिहिणारा डॉक्टर गुन्हेगार नव्हे, हे त्यात आहे. दुखणं कर्करोगाचंच हवं असं कुठेही म्हटलेलं नाही. मी हे नुसतं जाणत नव्हते — शिकवत होते. नव्या डॉक्टरांपुढे उभी राहून, पडद्यावर एकेक मुद्दा दाखवत मी म्हणायचे, घाबरू नका, कायदा तुमच्या पाठीशी आहे. टाळ्या पडायच्या.

आणि यमुनाक्कांना मी सांगितलं — "औषध आहे हो, पण कायदा नाही देत. कॅन्सर असेल तरच. माझे हात बांधलेत."

सांगून टाकलं एकदाचं. ही थाप मी दोनेक वर्षं चालवली.

एचएसआर लेआउटमधून लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून येणाऱ्या एखाद्या रुग्णाला मी हे इंग्रजीत सांगितलं असतं का? छे. त्याने तिथेच फोन काढून मला खोटं पाडलं असतं. ही थाप फक्त मराठीत चालत होती. फक्त अशा माणसापुढे, जो आपल्या भाषेतला डॉक्टर मिळाला म्हणून निर्धास्त झाला होता. यमुनाक्का उलट माझीच समजूत काढायच्या. "सरी बिडी अक्का, राहू दे. तुम्ही तरी काय करणार." आपल्या लोकांत त्या सांगायच्या की डॉक्टरअक्का सोन्यासारखी आहे, सरकारच मेलं आडवं येतं.

त्याच काळात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न झालं. मला आमंत्रण होतं, गेले. लेकीच्या लग्नात कन्यादानाला आईने बसायचं असतं. यमुनाक्कांना पाटावर बसवेना. धाकट्या दीर-जावेला बसवलं, आणि त्या कार्यालयातल्या बाजूच्या खोलीत गादीवर कुशीवर पडून मंगलाष्टका ऐकत राहिल्या. मी खोलीत डोकावले तर मलाच म्हणाल्या, जेवल्याशिवाय जाऊ नका. मी अक्षता टाकल्या आणि पंगतीला बसले. जिलबी चांगली झाली होती, हेही आठवतं. माझ्या एका सहीने ती बाई पाटावर बसली असती, हे मला घास घेताना माहीत होतं. तरी मी जेवले.

पुढे आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी निपाणीला गेले. माझी ओपीडी केतकीने सांभाळली. केतकी पुण्याची, आमच्याकडे नव्यानेच रुजू झालेली डॉक्टर. तिने यमुनाक्कांना तपासलं, जुने कागद पाहिले, व्यसनाबद्दल, झोपेबद्दल, पोटाबद्दल जे विचारायचं ते सगळं विचारलं आणि मॉर्फिनच्या अगदी लहान मात्रेने सुरुवात केली. मी परत आले तेव्हा तिने साधेपणाने विचारलं, "मॅम, यांना आधी का नव्हतं दिलं?" मी म्हटलं, घरचे तयार नव्हते. म्हणजे तिथेही एक खोटं — आणि तेही त्या बिचाऱ्या यजमानांच्या अंगावर ढकललेलं. मग मी जरा दरडावूनच विचारलं, तुला भीती नाही वाटली? तर म्हणाली, "तुमचं लेक्चर ऐकलं होतं ना मी."

पुढच्याच तपासणीला यमुनाक्का आल्या. कळ गेली नव्हती, पण वेसण बसली होती. खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहत होते. त्यांचे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते; त्या इतक्या बुटक्या आहेत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पिशवीतून त्यांनी मी कधीतरी दिलेल्या मापावरून नुकतंच शिवलेलं ब्लाउज काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "कायदा बदलवलात ना अक्का माझ्यासाठी. मला माहीत होतं, तुम्ही गप्प बसणाऱ्यातल्या नाही."

केतकी मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असणार — घरच्यांचं, कायद्याचं, सगळं. खरं बोलायला तेव्हा एक क्षण होता. मी काय केलं? मी म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं." आणि ब्लाउज ठेवून घेतलं.

केतकीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मला वाचवायला ती गप्प राहिली असं मला वाटत नाही. बसलेल्या यमुनाक्कांचा आनंद मोडायला नको म्हणून राहिली असावी. मी तिची फार ऋणी आहे. माझं बोलणं माझ्यापेक्षा तिने जास्त खरं मानलं, म्हणून एका बाईची कळ उतरली. यमुनाक्कांचीही ऋणी आहे. त्यांनी माझी जी कीर्ती पसरवली, तिच्यापायी शिवाजीनगरातून, पार बेळगावकडूनही माणसं येऊ लागली, डॉक्टरअक्का कायद्याशी भांडते म्हणून. त्यांच्यासमोर भ्यायची मला लाज वाटायला लागली. आता ज्याला गरज आहे त्याला मी लिहून देते, सगळ्या नोंदी ठेवून, आणि रात्री स्वस्थ झोपते. कुणी विचारायला आलेलं नाही. खरं तर तेव्हाही येणार नव्हतं. त्या कायद्याबद्दलसुद्धा मनात कृतज्ञता आहे. मी त्याच्या नावाने खडे फोडत होते तेव्हाही तो माझ्या बाजूनेच होता.

एवढं सगळं मला मिळालं. ज्या बाईच्या जिवावर मिळालं, तिला ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात यमुनाक्का नातीला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी कुबडी घेतलेले एक गृहस्थ होते, पहिल्यांदाच आलेले. यमुनाक्का त्यांना सांगत होत्या, "काळजी करू नका अण्णा. माझ्या लेकीच्या लग्नापर्यंत कायदा नव्हता, नाहीतर या अक्कांनी मला पाटावर बसवलं असतं."

दार उघडंच होतं. मी ऐकलं, आणि पुढचा नंबर पुकारला.