डावीकडची खुर्ची

माझं अर्धं आयुष्य लोकांचे डोळे तपासण्यात गेलं. घाटकोपरच्या एका चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत मी बसते. समोर अक्षरांचा तक्ता, हातात भिंगांची पेटी. ‘हे बरं दिसतंय की हे?’ हा प्रश्न मी इतक्यांदा विचारलाय की घरी आमटी चाखायला दिली तरी तोंडातून तोच बाहेर पडतो. बाकी काही कळो न कळो, माणूस डोळ्यांनी बघतो एवढं तरी मला पक्कं ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. बाबांच्या आजारपणानं ती मोडली. मोडायचीच होती तर जरा आधी मोडायला हवी होती.

बाबांना झटका आला तेव्हा ते मुलुंडच्या घरी सकाळची दाढी करत होते. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली आणि डावा हात, डावा पाय गेला. जिवावरचं पायावर निभावलं असं सगळे म्हणाले, आम्हीही म्हणालो. इस्पितळात डॉक्टर आणखीही काही सांगून गेले असतील. पण आमचं सगळं लक्ष पायाकडे होतं. पाय हलला का, बोटं हलली का, काठी घेऊन चालतील का, याच्यापलीकडे कुणी काही विचारलं नाही.

घरी आणल्यावर पलंग बाहेरच्या खोलीत टाकला. पलंगाच्या उजव्या अंगाला दार, टीव्ही आणि स्वयंपाकघर. डाव्या अंगाला कपाट, आणि कपाट नि पलंग यांच्यामध्ये जेमतेम एक लाकडी खुर्ची मावेल एवढी जागा. आई तिथं बसायची. लुळा हात त्या बाजूला होता, म्हणून. सकाळ-संध्याकाळ ती तो हात मांडीवर घेऊन तेल चोळायची, एकेक बोट उघडून परत मिटायची. दिवसा कामाला भांडुपहून एक मावशी यायच्या. त्या उजवीकडच्या स्टुलावर बसून बाबांना पाणी, औषध द्यायच्या, टीव्हीचे चॅनल बदलायच्या.

मी बोरिवलीला राहते. शनिवारी दुकानातून सुटले की मुलुंडला जायचं आणि रविवारी परतायचं, असा माझा नेम पडला. एका शनिवारी आई स्वयंपाकघरात असताना बाबांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात, आमच्या घरच्या मालवणीत म्हणाले, “तुझी आवस माझ्यार रागावली हा. बाजूक येवन बसणा नाय.”

मी हसले. म्हटलं, अहो, दिवसभर ती दुसरं करते काय? त्यांनी टीव्हीकडे मान वळवली. त्यांना मी आईची बाजू घेतेय असं वाटलं असावं.

आईचं गाऱ्हाणं वेगळं होतं. माणूस आडवा पडला तरी ताट कसं हवं, याबद्दल ती फार कडक. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. खोबऱ्याची लसणीची चटणी तर ती बाबांसाठी रोज ताजी वाटायची. आणि बाबा भाजी खायचे, आमटी भुरकायचे, भाताचा उजवा अर्धा ढीग संपवायचे, आणि डावीकडचं सगळं जसंच्या तसं ठेवून वर विचारायचे, “आज चटणी नाय?” चटणी त्यांच्या हाताखाली. आईला आधी ती थट्टा वाटली, मग खोडी, आणि शेवटी अपमान. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. पन्नास वर्षांत बाबांनी पानात टाकलं नव्हतं.

“ह्यांका मी दिसणा नाय काय?” ती मला विचारायची. खरं उत्तर तिच्या प्रश्नातच होतं, पण ते आमच्यापैकी कुणालाच ऐकू आलं नाही.

अशा गोष्टी वाढत गेल्या. बाबा दाढी करताना डावा गाल तसाच सोडायचे. पेपर वाचताना चिडायचे, की आजकाल हे लोक बातमी मधूनच सुरू करतात, आगापिछा काही नसतो. सगळ्यात वाईट म्हणजे, आई खुर्चीतून विचारायची, “चाय होयी काय?” आणि बाबा उजवीकडे मान वळवून मावशींना उत्तर द्यायचे, हो, द्या. मावशी बिचाऱ्या अवघडून आईकडे बघायच्या. कुणी भेटायला आलं की बाबा सांगायचे, ही बाई होती म्हणून मी जगलो, नाहीतर आमच्या घरात कुणाला वेळ आहे? आई तेव्हा बाबांचा डावा हात चोळत बसलेली असायची. ती चोळायची थांबत नसे, पण तिचा चेहरा मला बघवत नसे.

आई तशी शब्दाला शब्द देणारी. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. खुर्ची मात्र सोडली नाही.

मी माझ्या धंद्याला अनुसरून ठरवलं की बाबांचा नंबर वाढला असणार. पुढच्या खेपेला दुकानातला मराठी अक्षरांचा तक्ता गुंडाळून नेला आणि भिंतीवर लावला. बाबांनी वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळीतली शेवटची दोन-तीन अक्षरंच ते वाचत होते. अगदी तळची, बारीक, माझ्या धडधाकट गिऱ्हाइकांना न दिसणारी ओळसुद्धा त्यांनी वाचली, पण अर्धी. एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. तेच. मी म्हटलं, बाबा, पूर्ण ओळ वाचा ना. ते म्हणाले, पूर्णच वाचली.

दोन्ही डोळ्यांना तीच अर्धी बाजू दिसत नसेल तर बिघाड डोळ्यात नसतो, पाठीमागे मेंदूत असतो, एवढं मी शिकले होते. पण ज्यांची अशी अर्धी नजर गेलेली असते ती माणसं मान वळवून वळवून बघतात, दाराला धडकली की सावध होतात. बाबांना वळून बघावंसं वाटतच नव्हतं.

त्यांचा व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी नुकतीच येऊ लागली होती. तिला मी हे सांगितलं. तिनं कपाटावरचा कॅरम खाली काढला, सोंगट्या सगळीकडे पसरल्या आणि म्हणाली, काका, सगळ्या उचलून मला द्या. बाबांनी बोर्डाच्या उजव्या अर्ध्या भागातल्या सोंगट्या नीट एकेक करून उचलल्या, रिकामा हात बोर्डावरून फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाले, झालं. डावा अर्धा बोर्ड भरलेला होता. आई तिच्या खुर्चीतून बघत होती.

ती मुलगी आईला समजावून सांगायला लागली. “काकू, काकांचे डोळे चांगले आहेत. पण डोळे नुसतं पाठवतात, बघतो तो मेंदू. त्यातला कुठे लक्ष द्यायचं ते ठरवणारा भाग दुखावलाय. तुमच्या पाठीमागे आत्ता काय आहे ते तुम्हाला काळं दिसतंय का? नाही ना. काहीच दिसत नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही. काकांना डावी बाजू तशी झालीय. ती आहे हेच त्यांना ठाऊक नाही.”

आईनं बोर्डावर उरलेल्या सोंगट्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे मी?”

मुलीनं होकारार्थी मान डोलावली. आवाजसुद्धा, म्हणाली. डावीकडून आलेला आवाज त्यांना उजवीकडून आल्यासारखा वाटतो, म्हणून ते मावशींना उत्तर देतात. आणि हात तर त्यांना आपला वाटतच नसेल, मग तो कोण चोळतंय हे कुठून कळणार?

मला त्या क्षणी हायसं वाटलं, हे सांगायला हवं. कोडं सुटलं की माझ्यासारख्यांना वाटतं काम झालं. आईला मात्र आतापर्यंत निदान रागाचा आधार होता. आता तोही गेला.

उपाय म्हणून मुलीनं सुचवलं, की जेवताना ताट मधेच फिरवा, किंवा चटणी-कोशिंबीर उजवीकडे वाढा. त्यावर आई इतक्या दिवसांनी पहिल्यांदा उसळली. “जित्या माणसाचा पान उलटा वाढू मी?” आमच्याकडे उलटं पान वाढतात ते पितरांना. मी समजावून पाहिलं, मुलीनं समजावून पाहिलं. शेवटी तडजोड झाली. ताट होतं तसंच राहिलं, पण चटणी वेगळ्या वाटीत आमटीशेजारी जाऊन बसली. बाबांनी त्या दिवशी चटणी खाल्ली आणि मावशींना म्हणाले, छान झालीय हो.

खुर्चीचं काय, असं मी विचारलं. आई उजवीकडे बसली तर? मुलगी म्हणाली, सध्या नको. डावीकडूनच बोला, डावीकडूनच हात लावा, म्हणजे मेंदू हळूहळू तिकडे बघायला शिकेल. बऱ्याच जणांचं हे काही महिन्यांत पुष्कळ सुधारतं. ती काही चुकीचं सांगत नव्हती. आईला तर ते फारच पटलं. आपलं तिथं बसणं हेच औषध आहे म्हटल्यावर ती नव्या जोमानं बोलायला लागली. गावच्या गोष्टी, शेजारच्या बातम्या, डाळीचे भाव. बाबा उजवीकडे तोंड करून मधूनमधून हुंकार द्यायचे. कधी त्यांची नजर मधल्या रेषेपर्यंत येऊन थबकायची. आई श्वास रोखायची. मग नजर परत टीव्हीकडे जायची.

एकदा मी त्यांना म्हटलं, बाबा, स्टेशनवर उतरलात, घरी चालत येताय, वाटेत काय काय लागतं सांगा. त्यांनी औषधाचं दुकान सांगितलं, केळीवाला, पिठाची गिरणी. सगळं रस्त्याच्या उजव्या हाताचं. मग म्हटलं, आता घरून स्टेशनला निघालात. तर शाळा, देऊळ, इस्त्रीवाला. मघाशी गाळलेलं सगळं जिथल्या तिथं होतं, आणि गिरणी नाहीशी झालेली. डावी बाजू त्यांच्या डोळ्यांसमोरूनच नाही, आठवणीतूनही गेली होती.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते मी वाचते. बघणं म्हणजे फोटो काढणं नव्हे, मेंदू निवडतो, गाळतो, उरलेलं अंदाजानं भरतो, हे आता मला गिऱ्हाइकांना सांगता येतं. कुणी ऐकत नाही, त्यांना फ्रेम बघायची असते. त्यातलं एक मात्र मी पुनःपुन्हा काढून वाचलं. अशा रुग्णांना जे दिसत नाही त्याचाही त्यांच्यावर परिणाम होतो, न दिसलेलं बरं-वाईट नकळत हेरून ते त्यातलं बरं तेच निवडतात, असं काही प्रयोगांत आढळलंय. कसं होतं यावर अजून वाद चालू आहेत. पण काहीतरी आत पोचतं. मी हे आईला सांगितलं. म्हटलं, तू बोलतेस ते कुठंतरी पोचत असेल.

“पोचला तर पोचला,” ती म्हणाली. “पण माका कसा कळतला?”



पावसाळा संपता संपता बाबांच्या छातीत कफ झाला आणि त्यातून ते उठले ते अगदी खंगून, दिवस-वारांचं भानही सुटून. व्यायाम बंद झाला. मुलगीच म्हणाली, आता त्यांना दमवू नका. त्यानंतर ते महिनाभरही राहिले नाहीत. मला खंत आहे ती त्यांच्या जाण्याची नाही. वय झालं होतं. खंत या महिन्यांची आहे. दोन माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसून एकमेकांची वाट बघत होती. आणि त्यात कुणाची चूक म्हणून दाखवावी तर तीही सापडत नाही.

व्यायाम बंद झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मावशी सुट्टीवर होत्या. दुपारी मी आईला म्हटलं, आता कसली शिकवणी नि कसलं काय, तू इकडे ये. ती आधी नाही म्हणाली. मग उठली, पलंगाला वळसा घालून आली आणि उजवीकडच्या स्टुलावर टेकली. बाबा छताकडे बघत होते. त्यांनी नजर खाली आणली आणि ती आईच्या चेहऱ्यावरच राहिली. मग त्यांनी चांगला हात पुढे केला.

“खंय होतंस गो इतके दिवस?”

मी बोलायला तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे न बघता हातानंच मला गप्प केलं.

“गावाक गेल्लंय,” ती म्हणाली.

बाबांना ते पटलं. त्यांचा चेहरा सैल झाला, मग थोडा रुसला. “सांगान जावक नको?”

आईनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “चुकला माझा,” ती म्हणाली.