खोडरबरांचा डबा

मिस्टर गेले त्याला चार महिने झाले होते, तेव्हा मी नोएडातल्या आमच्या फ्लॅटच्या गेटवर पुठ्ठा टांगला: गणिताची शिकवणी, सहावी ते दहावी. लिहिला इंग्रजीत, कारण सेक्टरात नवी इंग्रजी शाळा उघडली होती आणि अख्ख्या ब्लॉकमध्ये मराठी वाचणारी मी एकटीच. टांगताना आनंद नाही, भीती नाही, काही म्हणजे काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की उठून गॅस बंद करायचा, तसं सगळं चाललं होतं.

नागपूरहून भाऊजींचे, म्हणजे धाकट्या दिरांचे, फोन यायचे. "वहिनी, एकट्या तिकडे काय करणार? मार्चपर्यंत बघा, नाहीतर मी ट्रक घेऊन येतो." माणूस वाईट नाही हो. त्यांच्याकडे मला एक खोली मिळाली असती, दोन वेळचं जेवण मिळालं असतं, आणि मग जन्मभर "आमच्या वहिनी" म्हणून कोपऱ्यात बसायचं. तेवढं मात्र मला नको होतं. शिकवणी चालली तर मी इथे, नाही चालली तर ट्रक.

तीन मुली आल्या. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंची सातवीतली मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी. पहिल्याच दिवशी मी दाराशी स्टीलचा डबा ठेवला आणि सगळ्यांचे खोडरबर त्यात टाकायला लावले. हा नियम माझा नव्हे, मिस्टरांचा. ते फरीदाबादला एका कारखान्यात तपासनीस होते आणि तिथल्या रजिस्टरमध्ये खोडायला बंदी. आकडा चुकला की त्यावर एक रेघ मारायची, पण जुना आकडा वाचता आला पाहिजे. खाली बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. घरी वाण्याच्या यादीत साखर चुकून दोनदा लिहिली, तरी रेघ मारून सही करायचे. मी चिडवायची, "साहेब, शिक्का राहिला!"

सहामाहीनंतर त्या दोन मैत्रिणींच्या आया आल्या. सोफ्यावर बसून त्यांनी वह्या उघडल्या. "मॅडम, कॉपी तो देखिए. सब कटा-पिटा!" खोटं नव्हतं ते. शाळेत वहीच्या सुबकपणाला मार्क होते, आणि पलीकडच्या सेक्टरातले एक सर छापील नोट्स देत, त्यात एकही काट नसे. मी सांगायला हवं होतं की चूक डोळ्यांसमोर राहिली तर मूल ती परत करत नाही. मी म्हटलं, "जी, ठीक है," आणि चहाचं विचारलं. अगं बाई, भांड की जरा! एरवी मी मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याला हैराण करणारी. त्या दिवशी मात्र मुकाट उठून कपबशा काढल्या. पुढच्या सोमवारी डब्यात एकच खोडरबर होता.

मग मी भाऊजींना अंतर्देशीय पत्र लिहिलं. फोनवर बोलायचं त्राण नव्हतं. "मी एप्रिलमध्ये येते. ट्रक सांगून ठेवा." एवढंच. लिहितानाही काही वाटलं नाही. पत्र टेबलावर तसंच पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालची मुलगी आली. वयाची गणितं चालू होती: वडील आज इतक्या वर्षांचे, तर दहा वर्षांनी किती? पुस्तकात वय चाळीस होतं. मी फळ्यावर बेचाळीस लिहिलं. बेचाळीस म्हणजे मिस्टर गेले तेव्हाचं त्यांचं वय. खाली दहा मिळवून बावन्न लिहायला गेले आणि हात थांबला. हे कधी बावन्न वर्षांचे होणार नाहीत, हे मला इतक्या महिन्यांत त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मी घाईघाईने पदराने फळा पुसायला गेले.

"आंटी! मिटाना मना है ना?" पोरगी ओरडलीच. मग उठली, माझ्या हातातला खडू घेतला, बेचाळीसवर एक रेघ मारली, खाली चाळीस लिहिलं आणि खडू परत माझ्यापुढे धरला. "साइन कीजिए."

मी सही केली आणि तिच्यासमोरच ढसाढसा रडले. बिचारी घाबरून पाणी घेऊन आली. मग काय करावं हे न सुचून गणित सोडवत बसली. उत्तर चुकलं. तिने रेघ मारली आणि पुन्हा केलं.

ती गेल्यावर मी टेबलावरचं पत्र उघडलं. घरात कोरं अंतर्देशीय होतं, तरी तेच घेतलं. दोन्ही वाक्यांवर एकेक रेघ मारली, भाऊजींना वाचता येईल अशी. खाली लिहिलं, "मी इथेच राहते. सध्या एक मुलगी आहे." आणि बाजूला सही केली.